कारपेटखालचा जोड

चमचा पडला नसता तर मी दहा वाजता नारळ फोडून गाडी हैदराबादला रवाना केली असती आणि दुपारी वरणभात जेवून निवांत झोपलो असतो. पण नंदूनं मागच्या सीटवर उभं राहून शिऱ्याचा चमचा भिरकावला आणि तो ड्रायव्हरच्या सीटखाली गेला. नात तीन वर्षांची आहे, तिला शिरा आवडत नाही. मी मागच्या दारातून आत वाकलो ते तिच्यासाठी नव्हे, कारपेटसाठी. करड्या रंगाचं, बारीक लवेचं, फ्रान्समध्ये विणलेलं कारपेट, त्यावर साजूक तुपाचा डाग म्हणजे संपलंच. नंदूला प्रेमलता, म्हणजे माझी बायको, कडेवर घेऊन आत गेली. चमचा सापडला. हात मागे घेताना बोटं कारपेटच्या कडेखाली शिरली. कड सुटली होती. यंदा मे महिन्यात मनीषनगरातल्या आमच्या पार्किंगमध्ये पत्र्याला हात लावता येत नव्हता, त्या उन्हानं डिंक सोडला असणार. कड दाबून बसवावी म्हणून मी बोट खालून फिरवलं आणि बोट थांबलं. तिथं पत्रा सपाट असायला हवा होता. तिथं उंचवटा होता, बोटभर रुंद, ग्राइंडर मारून घाईघाईनं दाबलेला, आणि तो ह्या दारापासून त्या दारापर्यंत आडवा गेला होता. वेल्डिंगचा जोड होता तो. मी पुन्हा बोट फिरवलं, मग दुसऱ्या हाताचं फिरवलं. बोटं तेच सांगत होती.

एकतीस वर्षं मी जोडच तपासले. वीज केंद्रात बॉयलरच्या नळ्या असतात, हजारो, आणि प्रत्येक नळीला जोड असतो. तो जोड पास की फेल हे सांगणारा जो माणूस असतो तो मी. खापरखेड्याच्या कॉलनीत मला मागून ‘फेल साहेब’ म्हणायचे, तेही मला माहीत होतं आणि त्याचा मला अभिमानच होता. असा मनुष्य गाडीच्या जमिनीला आडवा जोड सापडल्यावर तो कशाचा हे कळायला किती वेळ घेईल? मला तेवढाही लागला नाही. एका गाडीचं मागचं अंग चेंदामेंदा होतं, दुसरीचं पुढचं. कोणीतरी दोन्ही मधोमध कापतो आणि चांगला अर्धा चांगल्या अर्ध्याला जोडतो. वर रंग, खाली कारपेट. अशी गाडी गावात वर्षानुवर्षं फिरते, कोणाला पत्ता लागत नाही. हायवेवर शंभरच्या वेगात खड्डा आला की मग लागतो. मी सीटखाली डोकं घालून तसाच राहिलो. स्वयंपाकघरातून प्रेमलता आमच्या लेकीला, भैरवीला, विचारत होती, लाडू किती देऊ, दोन डबे की तीन. भैरवी म्हणाली, आई, गाडीत जागा भरपूर आहे.

गाडी फ्रेंच आहे. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. नागपुरात ते तीन प्रकारांनी म्हणतात आणि तिन्ही चुकीचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कंपनीनं ह्या सेडानचा एक खास लॉट काढला होता, फक्त दोनशे गाड्यांचा. बाटलीसारखा गडद हिरवा रंग, मखमली सीट, आणि समोरच्या खणाच्या झाकणावर पितळी पट्टी, तिच्यावर गाडीचा क्रमांक. माझी त्रेसष्ट. दोनशेपैकी आज देशात अकरा उरल्या आहेत असं आम्हा शौकिनांच्या ग्रुपवर म्हणतात, त्यांतल्या सहा नुसत्या उभ्या आहेत. त्रेसष्ट चालते. तिच्या चाकाला तीनच नट असतात, पंक्चरवाला दरवेळी म्हणायचा, साहेब, एक कुठी पाडला? हॉर्न स्टिअरिंगवर नाही, डावीकडच्या दांडीच्या टोकाला आहे, दांडी आत दाबायची. पहिल्या महिन्यात मी सीताबर्डीच्या गर्दीत स्टिअरिंगवर थापा मारत बसलो होतो आणि गाडी गप्प. ह्या गाडीनं मला रिटायर झाल्यावर पुन्हा शिकाऊ केलं, आणि मला ते फार आवडलं. डॅशबोर्डवरचं घड्याळ मी स्वतः उघडलं. दारांचं रबर पुदुच्चेरीच्या एका म्हाताऱ्याकडून आणलं, त्याच्याशी मी आठ महिने फोनवर बोलत होतो. पुढच्या दिव्याची एक काच मिळायला दोन वर्षं लागली. सहा वर्षं मी एकच शब्द जपला, ओरिजिनल. जे मूळचं आहे त्याला हात लावायचा नाही, आणि जे गेलं आहे ते मूळचंच शोधून आणायचं. प्रेमलता म्हणायची, तुमच्या गाडीपेक्षा आमच्या देवघरात कमी सोवळं आहे.

आणि पिवळा डिंक मी पाहिला होता. हे मला आत्ताच, सीटखाली डोकं असताना, स्वतःशी कबूल करायला हवं होतं, आणि मी केलं. कंपनी कारपेट चिकटवते ते काळ्या डांबरासारख्या डिंकानं. माझ्या गाडीत पुढे तो काळा होता. मागे, जिथून आत्ता माझी बोटं आत गेली, तिथं पिवळा होता, चपलेला लावतात तसला. सहा वर्षांपूर्वी, गाडी घरी आणली त्याच आठवड्यात, मी टॉर्च घेऊन तो पाहिला होता. धर्मेंद्र, आमचा डेंटिंगवाला, शेजारी उकिडवा बसला होता. तो म्हणाला, “साहेब, कारपेट काढून पाहू का? खालचा पत्रा पाहायले पाहिजे.”

“हात लावू नको,” मी म्हणालो. “ओरिजिनल आहे ते. एकदा उचललं की पुन्हा तसं बसत नाही.”

“ओरिजिनल असन ना जी. पण खाली काय हाये ते तं पाहू.”

“तुले सांगितलं ना, नाही म्हणून.”

धर्मेंद्र उठला आणि पान खायला गेला. त्याचंच बरोबर होतं. मी टॉर्च विझवला. कोणी कंत्राटदारानं मला ‘वरचं कव्हर काढू नका साहेब, ओरिजिनल आहे’ असं सांगितलं असतं तर मी त्याला गेटबाहेर घालवला असता. त्याही आधी, धरमपेठेत, ज्यांच्याकडून गाडी घेतली त्या सिंधूताई. पती वारून वर्ष झालं होतं. कागदावर सही करायला बसल्या आणि पेन खाली ठेवून म्हणाल्या, “भाऊ, घ्यायच्या आधी एक ऐकून घ्या. पारशिवनीच्या रस्त्यावर ह्यांच्या हातून एकदा—” मी हात वर केला. मी काय म्हणालो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं, आणि आठवलं की मान खाली जाते. मी म्हणालो, “ताई, गाडीचं तुम्ही मले नका सांगू. लोखंड स्वतः बोलते माझ्याशी.” बिचाऱ्या हसल्या, सही केली आणि चहा टाकायला आत गेल्या. बाईमाणसाला गाडीतलं काय कळतं, हे मी म्हणालो नाही, पण माझ्या हाताच्या पंजात ते होतं. आता लोखंड बोलत होतं आणि साडेआठ वाजले होते.

मी बाहेर आलो. जोड आहे म्हणजे कच्चाच आहे असं नाही, हा पहिला विचार. तो वकिलाचा विचार होता, तपासनिसाचा नव्हता, पण मी त्याला धरून राहिलो. चांगल्या हातानं केलेला जोड मूळच्या पत्र्याहून बळकट असतो, हे मीच नव्या पोरांना शिकवायचो. पार्किंगच्या कपाटात माझे स्प्रेचे तीन डबे होते, रिटायर झाल्यावरही अधूनमधून खाजगी कामं येतात म्हणून विकत घेऊन ठेवलेले. भेग शोधायच्या त्या तपासणीला आम्ही डीपी म्हणतो. पहिल्या स्प्रेनं जागा स्वच्छ करायची, दुसऱ्यानं लाल रंग मारायचा आणि थांबायचं. कुठं भेग असेल, डोळ्याला न दिसणारी, तर रंग तिच्यात उतरतो. मग वरचा रंग पुसायचा आणि तिसऱ्या डब्यातली पांढरी पूड मारायची. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. नसेल तर पांढरं पांढरंच राहतं. मी पुढच्या दोन्ही सीट पुढे सरकवल्या, कारपेट वीतभर उचललं. सहा वर्षांत पहिल्यांदा. ते किती सहज उचललं गेलं! जोडावरचा रंग पॉलिश पेपरनं खरवडला, धूळ पुसली, लाल मारला. घड्याळ लावलं. दहा मिनिटं.

त्या दहा मिनिटांत मी आयुष्यात कधी केला नव्हता असला सौदा मनातल्या मनात केला. रेघ आली तर जावयांना, ऋषीरावांना, सांगीन, साठच्या वर नेऊ नका. नाही, काही कारण सांगीन, टायर जुने आहेत म्हणीन. साठनं गेलं तर हा जोड वीस वर्षं तग धरून आहे, आणखी एक दिवस धरेल. तिकडे पोचले की महिन्याभरात मी जाईन आणि गुपचूप नीट करून घेईन. कोणाला कळायचं कारण नाही. त्रेसष्ट त्रेसष्टच राहील. मला अकरा गाड्यांतली एक गाडी हवी होती, हे खरं. पण त्याहून मला हवं होतं ते भैरवीच्या तोंडचं एक वाक्य. काल रात्री जेवताना ऋषीराव सांभाळून म्हणाले होते, “बाबा, एवढी जुनी गाडी, पाचशे किलोमीटर, लेकरू संगं. आपण ट्रकवर टाकून नेली तर?” जावई भला माणूस, बँकेत आहे, बोलताना चार वेळा विचार करतो. भैरवी जेवता जेवता म्हणाली, “बाबांनी बांधली आहे ती. कंपनीनं बांधली असती तर मी पण घाबरली असती.” मी खाली मान घालून भाकरी मोडत राहिलो. सगळ्या नोकरीत मला असं प्रशस्तिपत्रक कोणी दिलं नव्हतं. पासष्टी झाली तेव्हा मी गाडी तिला द्यायचं ठरवलं होतं ते ह्याच्यासाठीच असावं. आजवर माझ्याकडे गाडी फक्त गावात फिरली, चाळीसनं, रविवारी सकाळी. आज पहिल्यांदा हायवेला लागणार होती.

गजर झाला. मी लाल पुसलं, अगदी निगुतीनं, एकाच दिशेनं, जसं पुसायचं असतं. पांढरं मारलं. थिनरच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं. पांढरं पांढरंच होतं. अर्धं मिनिट. मी चक्क हात जोडले, मी देवळात जातानाही घड्याळ बघणारा माणूस. मग डाव्या टोकाला एक ठिपका उठला. गुलाबी. त्याच्या शेजारी दुसरा. ते ठिपके एकमेकांकडे सरकले, जुळले, आणि माझ्या डोळ्यांदेखत रेघ उमटली, दाराच्या उंबऱ्यापासून आत सव्वा वीत, केसासारखी बारीक आणि कुंकवासारखी लाल. ती अजून लांबत होती. एवढी मोठी रेघ मी नोकरीत चार वेळा पाहिली असेल. चारही वेळा मी काम बंद करायला लावलं होतं, एकदा तर मंत्री यायचे होते त्या दिवशी. मी खिशातून रुमाल काढला आणि रेघ पुसून टाकली.

हे मी का केलं ते मला तेव्हाही कळत होतं. लाज वाटली. भीती नंतर आली, आधी लाज. मी कारपेट दाबून बसवलं, सीट मागे घेतल्या, आणि डबे गोळा करत असताना भैरवी दारात उभी राहिली.

“बाबा, काय करून राहिले आत?”

“काही नाही वं. शिरा सांडला होता.”

“शिरा स्प्रेनं पुसून राहिले?” तिनं वास घेतला. कॉलनीत वाढलेली पोर ती. शाळा सुटल्यावर वर्कशॉपच्या गेटवर डबा घेऊन यायची तेव्हा मी तिला पांढऱ्यावर उमटणाऱ्या रेघा दाखवायचो, तिला तो जादूचा खेळ वाटायचा. “डीपी केली? काहून? काही आहे का?”

“लांबचा प्रवास आहे. सवयीनं पाहिलं.”

“आली का लाल?”

माझी बोटं लाल होती, पण ती तशीही होतात, त्यावरून तिला काही कळलं नसतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काळजीचं नावही नव्हतं. नुसती विचारत होती.

“नाही,” मी म्हणालो.

“झालं मग.” तिनं मागे वळून हाक मारली, “ऋषी, आण रे सामान. बाबांनी पास केली.”

त्यानंतर सगळं भरभर होत गेलं आणि मी त्यात होतो. मी बॅगा रचल्या. लाडवांचे तीन डबे डिकीत उभे बसवले. ऋषीराव म्हणाले, “बाबा, शंभर-एकशेदहा सहज जाईल ना?” आणि मी म्हणालो, “टायर जुने आहेत, साठनं न्या.” ते थोडे चकित झाले. भैरवी हसली, “साठनं गेलो तं उद्या पोचू. टायर मागच्या दिवाळीत नवे टाकले ना बाबा, विसरले काय?” मी विसरलो म्हणालो. माझं हे खोटं असं पाच सेकंदांत उघडं पडलं आणि कोणाला त्याचं काहीच वाटलं नाही, म्हातारा विसरला एवढंच. भैरवीनं नंदूची खुर्ची मागच्या सीटवर डाव्या बाजूला ठेवली, बरोबर त्या टोकापाशी, आणि गुडघ्यानं दाबून पट्टा आवळू लागली. मला माझाच आवाज ऐकू आला. कंत्राटदार सहीसाठी हुज्जत घालायचे तेव्हा मी त्यांना म्हणायचो, तुमचं लेकरू ह्या नळीखाली झोपवा, मग करतो सही. वाक्य जोरदार होतं आणि मला ते म्हणायला आवडायचं. नंदूला खुर्चीत बसवलं. ती पाय झाडत होती.

“बाबा, हा हुक लागत नाही हो मले. तुम्ही लावून द्या,” भैरवी म्हणाली.

मी वाकलो. हुक कडक होता, नवा. माझा अंगठा लाल होता, नंदूनं तो धरला आणि म्हणाली, “आबाले बाऊ झाला.” मी म्हणालो, नाही गं बाई, रंग आहे तो. मी हुक लावला, खटकन आवाज झाला, आणि ओढून पाहिला की पक्का बसला आहे का. पक्का बसला होता.

प्रेमलतानं ओवाळलं. चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ मी फोडला, एका घावात. भैरवी स्टिअरिंगवर बसली, ऋषीराव शेजारी, काच खाली करून ती म्हणाली, “पोचल्यावर फोन करते. आईचं गुडघ्याचं औषध विसरू नका.” तिनं गाडी चालू केली. आवाज सुंदर होता, तो आवाज मी केलेला होता, त्यात माझी सहा वर्षं होती, आणि मला वाटलं की जाऊ दे, इतका चांगला आवाज असलेल्या गाडीला काही होणार नाही. लिंबं फुटली. गाडी हातभर पुढे गेली. फाटकाच्या उंबऱ्यावरून पुढचं चाक उतरलं, मग मागचं, आणि मागचं उतरताना नंदूच्या बाजूचं दार किंचित करकरलं. इतकं बारीक की दुसऱ्या कोणाला ऐकू आलं नसतं. दार करकरलं म्हणजे चौकट हलली. मी धावलो. माझ्या वयाच्या आणि गुडघ्यांच्या माणसानं जसं धावू नये तसा धावलो, आणि दोन्ही हात टाकून बॉनेटवर पडलो.

“थांब! बंद कर!”

“अहो, काय करून राहिले हे?” प्रेमलता फाटकातून ओरडली. “निघताना कोणी अडवते का असं?”

“फेल आहे गाडी,” मी म्हणालो. “खालून जोडलेली आहे. दोन गाड्यांची एक केलेली आहे. जोडाला भेग आहे. लाल आली होती. मी पुसली.”

ऋषीरावांनी हात लांब करून किल्ली फिरवली. ते उतरले, माझ्याजवळ आले आणि माझ्या खांद्याला धरून त्यांनी मला उभं केलं. “ठीक आहे बाबा,” ते म्हणाले, “ट्रेननं जाऊ. काही बिघडत नाही. बरं झालं सांगितलं.” त्यांच्या आवाजात खरी सुटका होती, आणि मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. लोक हसतील, ग्रुपवर कळेल, पितळी पट्टी काढून ठेवावी लागेल, ह्याचं मला त्या क्षणी काहीसुद्धा वाटत नव्हतं. मी वेळेवर बोललो, असं वाटत होतं.

भैरवी उतरली. तिनं मागचं दार उघडलं, कारपेटची कड धरून वर ओढली आणि वाकून पाहिलं. पांढऱ्या पुडीत पुसट लाल फराटा राहिला होता. सव्वा वीत कुठून कुठवर ते तिनं बोटानं मोजलं, मी शिकवलं होतं तसं. मग ती सरळ उभी राहिली.

“कधी कळलं?”

“सकाळी साडेआठले हाताले लागलं,” मी म्हणालो. आणि मग, आता सांगतोच आहे तर सगळं सांगावं म्हणून, “पण डिंक वेगळा होता. तो मी सहा वर्षांआधी पाहिला होता. धर्मेंद्र म्हणत होता काढून पाहू. मीच नाही म्हटलं.”

तिला त्यात काही स्वारस्य नव्हतं. तिनं ते कानामागे टाकलं.

“मी विचारलं तेव्हा आली होती लाल?”

“हो.”

“आणि हुक लावला तेव्हा?”

प्रेमलता म्हणाली, “पुरे कर गं आता, सांगितलं ना त्यांनी.” ऋषीराव बॅगा उतरवायला डिकीकडे गेले. भैरवी माझ्याकडे बघत होती. विचारण्यात राग नव्हता. वर्कशॉपच्या गेटवर उभी राहून विचारायची तशी, खरं काय ते कळावं म्हणून विचारत होती. खात्री नव्हती, असं मला म्हणता आलं असतं. डोळ्यांत थिनर गेलं होतं, नीट दिसलं नाही, असंही म्हणता आलं असतं, आणि तिनं कदाचित मानलंही असतं.

“माहीत होतं,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली. मग आत वाकून ती हुक काढू लागली. तो तिला निघेना. मी पुढे झालो, हात लांब केला.

“राहू द्या,” ती म्हणाली.

तिनं दोन्ही अंगठ्यांनी जोर लावून तो उघडला, नंदूला बाहेर काढलं आणि फाटकापलीकडे रस्त्याच्या कडेला जाऊन रिक्षाची वाट बघत उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. नंदूची हनुवटी तिच्या डाव्या खांद्यावर होती. तिला मी दिसलो, ती हसली आणि माझ्याकडे यायला तिनं दोन्ही हात पसरले. भैरवीनं मागे वळून पाहिलं नाही. तिनं नंदूला उचलून, तोंड रस्त्याकडे करून, दुसऱ्या कडेवर घेतलं.